बसच्या डाव्या अंगाला

६ नोव्हेंबर

ती. वन्संना साष्टांग नमस्कार.

आम्ही तिघंही ठीक आहोत. तुमचा गुडघा आता कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून बजावलं असलं तरी तुम्ही गच्चीवर जातच असाल, हे मला इथं बसून दिसतंय.

पाकीट बघून दचकला असाल. घरात फोन असताना ही पत्र कशाला लिहीत बसली, असं वाटणारच. फोन करायचं माझ्या मनात होतं. पण आमच्या दोन खोल्यांत एकानं उसासा टाकला तरी दुसऱ्याला ऐकू जातो, आणि तुमचे बंधुराज सध्या घरी असले की माझ्या मागेमागेच असतात. शिवाय माझा आवाज ऐकल्या ऐकल्या तुम्ही विचारलं असतंत, "काय गं, काय झालं?" मग मला पुढे बोलताच आलं नसतं.

आधी घरचं सांगते. चिऊचे पुढचे दोन दात पडलेत. बोलताना नुसती हवा जाते, तरी बडबड तसूभर कमी झालेली नाही. खालच्या मजल्यावरच्या काकू अजून माझ्या सायकलवर डोळा ठेवून आहेत. मी ती जिन्याखाली उभी करते, तर त्यांना म्हणे पाय ठेवायला जागा उरत नाही. परवा त्यांनी हँडलवर स्वतःची फडकी वाळत घातली. मी ती काढली, नीट घड्या घातल्या आणि त्यांच्या दाराशी ठेवली. तेव्हापासून बोलणं बंद आहे, पण फडकी रोज हँडलवर असतात.

सायकल आल्यापासून माझी धावपळ निम्म्यानं कमी झाली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पाळणाघर उघडायला मला सगळ्यांच्या आधी पोचावं लागतं. पूर्वी दोन बस बदलून, धापा टाकत जायची. आता चिऊला मागच्या छोट्या खुर्चीत बसवायचं, शाळेत सोडायचं आणि पुढे निघायचं. वाटभर ती माझ्या पाठीला पाढे म्हणून दाखवते. म्हणजे दाखवायची. सध्या ती शेजारच्या मुलींबरोबर चालत जाते. मुलांनी चालायला हवंच थोडं.

आमच्या रस्त्यावर सायकलनं जाणाऱ्या बायकांचा एक कंपू झालाय. निवृत्त मास्तरीणबाई आमच्या पुढारी. बैठकीला उशिरा आलेल्या बाईला त्या अजूनही दारात उभं करतात. बाजाररस्त्यावर सायकलींसाठी वेगळा पट्टा हवा, असा अर्ज आम्ही नगरपालिकेला दिला आणि आश्चर्य म्हणजे तो कोणी फेकून दिला नाही. पट्ट्याला उंच काठ असेल आणि प्रत्येक बसथांब्याशी तो थांब्याच्या मागून जाईल. म्हणजे बस कडेला आली तरी सायकल तिच्या आड येणार नाही. नकाशा बघून आम्ही सगळ्या खुळ्यांसारख्या हसत होतो. आपल्या गावात बाई पोरीला मागे बसवून आरामात, गाणं म्हणत सायकल चालवतेय, असं चित्र डोळ्यांपुढे आलं. आता फक्त सुनावणी व्हायची आहे.

तुमच्या भावानं तेव्हा चेष्टा केली होती. "तुम्हाला पट्टा, रिक्षाला पट्टा, मग बस काय तुमच्या डोक्यावरून नेऊ?" पण मी सायकल घेतली त्या दिवशी त्यांनीच मला खाली नेऊन शिकवणी दिली होती. इतकी वर्षं बस चालवणारा माणूस, त्याला रस्त्यातलं सगळं कळणार. "कडेनं जायचं. फूटपाथला अगदी खेटून. मोठ्या गाडीच्या वाटेत यायचंच नाही." मी त्यांचं ऐकलं. रोज, न चुकता.

वन्सं, आडवळणानं लिहितेय, कळतंय मला. आता सांगते.

पंधरवड्यापूर्वी हे घरी आले ते बूटही न काढता पलंगावर बसले. कोणा सोबत्यानं रजा घेतली म्हणून त्या दिवशी यांना बाजाररस्त्याची बस दिली होती. एरवी ते दवाखान्याच्या मार्गावर असतात, माझ्या रस्त्याला कधीच नाही. थांब्याशी बस डावीकडे घेताना एक सायकलवाली बाई बस आणि फूटपाथ यांच्या मधे सापडली. यांना ती दिसलीच नाही. कंडक्टरनं मागच्या दारातून पाहिलं, घंटी बडवली, यांनी ब्रेक मारला. हे खाली उतरेपर्यंत ती बाई उठली, सायकल उचलली आणि गल्लीत शिरली. यांना गर्दीतून फक्त ओझरती पाठ दिसली.

तेव्हापासून माणूस माणसात नाही. डबा तसाच परत येतो. सुट्टीच्या दिवशी त्या थांब्यावर जाऊन उभे राहतात आणि फळवाल्याला विचारतात, ती बाई पुन्हा दिसली का. "आतून मार लागला असेल तर? घरी जाऊन पडली असेल तर?" झोपेत पाय दाबतात, ब्रेक दाबल्यासारखा. मी शेजारी पडून बघत असते.

ती बाई मी होते.

धुळीसाठी तोंडाला रुमाल बांधला होता, आणि तो कंडक्टर मला ओळखत नाही. बस माझ्या अंगावर आली तेव्हा मला फक्त एक निळी भिंत सरकताना दिसली आणि मी पडले. मग मागून हाक आली, "बाई, थांबा. लागलं का?" तो आवाज मी ओळखला. वन्सं, त्यांचा असा आवाज मी लग्नानंतर कधीही ऐकला नव्हता. मागे वळावं असं वाटलंच नाही. यांनी माझं तोंड पाहिलं असतं तर हा माणूस पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाही, एवढं एकच डोक्यात आलं, आणि मी पळाले. कोपर आणि मांडी खरचटली. घरी म्हटलं, गटाराशी घसरले.

अजून एक राहिलंय. कंडक्टरनं यांना सांगितलं होतं की बाईच्या मागे लहान मूल होतं. हे मला रोज म्हणतात, "मूल होतं गं मागे." आणि मी रोज म्हणते, "असेल सुखरूप."

चिऊला ओरखडाही आला नाही. तिचं तोंड माझ्या पाठीत होतं, तिनं बाबांना पाहिलं नाही आणि आवाज ओळखला नाही. तिच्या लेखी ती एक बस होती. पण ती सायकलवर बसत नाही आता.

सांगितलं तर ते बस सोडतील, आणि त्यांना दुसरं काही करायचं नाही, येतही नाही. नाही सांगितलं तर त्या बाईला शोधत झुरतील. तुम्ही त्यांना लहानाचं मोठं केलंत. मी काय करू, ते लिहा. मला फार भीती वाटते.

तुमची,
भावजय

ता. क. उत्तर पाळणाघराच्या पत्त्यावर पाठवा.


२८ नोव्हेंबर

ती. वन्संना नमस्कार.

तुमचं पत्र पाळणाघरात मिळालं. मुलं झोपली होती तेव्हा वाचलं. "सांगून टाक. मोडणार नाही तो, आणि मोडला तर मी आहे." एवढंच लिहिलंत, पण ते वाचून मी दुपट्यांच्या कपाटाआड जाऊन रडून घेतलं. मग घरी जाऊन सांगायचंच असं ठरवलं आणि चहा टाकला, भांडी घासली, कपडे इस्त्री केले, सगळं केलं. तोंड उघडलं नाही.

मी बोलण्याआधीच त्यांनी स्वतःहून एक गोष्ट काढली. म्हणाले, "सुनावणीत मी बोलणार. तुमच्या बाजूनं." मी इस्त्री बाजूला ठेवली. म्हणाले, ड्रायव्हरच्या सीटवरून डावीकडचं किती दिसत नाही, हे नगरपालिकेच्या साहेबांना कोणी सांगितलेलंच नाही. नुसतं सांगून उपयोग नाही, मोजून दाखवायला हवं. रविवारी दुपारी डेपोत बस उभी असते. कोणीतरी सायकल घेऊन बसच्या कडेनं उभं राहायचं, ते सीटवर बसून दिसतंय-नाही सांगणार, आणि दिसत नाही तेवढ्या जागेवर खडूनं रेघ मारायची. "तुझी सायकल आहेच. येशील ना?"

नाही कसं म्हणणार? कंडक्टरही असेल का, एवढं मात्र मी विचारलं. तो रजेवर होता. चिऊला घरी एकटं ठेवता येत नाही, म्हणून तीही आली.

डेपोत आम्हा तिघांशिवाय फक्त पहारेकरी होता, तोही फाटकाशी. यांनी बस भिंतीपासून थोडी अलीकडे उभी केली, म्हणजे भिंत हा फूटपाथ. हे वर बसले. मी सायकल घेऊन पुढच्या चाकाशी उभी राहिले.

"दिसतेस," वरून आवाज.

मी मागे सरकले.

"डोकं दिसतंय."

आणखी मागे.

"गेलीस. मार रेघ."

मी खडूनं रेघ मारली. असं करत करत बसची जवळजवळ अर्धी लांबी झाली. भिंतीपासून लांब उभी राहिले की मी त्यांना आरशात दिसायची. भिंतीला खेटले की नाहीशी व्हायची. रेघा जोडल्यावर जी जागा झाली ती नेमकी कडेची होती. जिथून जायला त्यांनी मला शिकवलं होतं, तीच. मग ते म्हणाले, "कडेनं जाऊ नकोस तू. मधून जात जा, हॉर्न वाजवू देत लोकांना." माझे हात खडूनं पांढरे झाले होते.

तेव्हा मी सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलंही होतं.

पण ते म्हणाले, "एकदा चिऊला मागे बसव. त्या बाईच्या मागे मूल होतं ना, तसंच मोजू. मूल तरी दिसतं का बघू."

चिऊ तिकडे टायरच्या ढिगावर खेळत होती. मी हाक मारली. ती आली, सायकल बघितली, बस बघितली, भिंत बघितली. तिनं माझा कुर्ता दोन्ही मुठींत धरला.

"नको. इथं नको. बस आत येते."

मी म्हटलं, "बस उभी आहे गं, बाबाच आहेत वर."

"त्या दिवशी पण उभी राहणार होती. मग आत आली आणि आपण पडलो." ती मोठमोठ्यानं रडायला लागली. "बाबा, बस आत आणू नका. आई इथं आहे. मी पण आहे."

इंजिन बंदच होतं, वन्सं. तरी मला वर ब्रेक दाबल्याचा आवाज आला.

ते उतरले. सावकाश, दांडी धरून, तुम्ही हल्ली जिना उतरता तसे. चिऊकडे पाहिलं, मग माझ्या कोपराकडे, जिथली खपली अजून गेलेली नाही. मग ते पायरीवरच बसले. मला वाटलं ओरडतील. मी ओरडण्याची वाट बघत होते, ते सोपं गेलं असतं.

"माझा आवाज ओळखला होतास?"

"हो."

"आणि थांबली नाहीस."

"नाही."

"का?"

"तुम्ही बस सोडली असतीत."

त्यांनी मान हलवली. मग चिऊला मांडीवर घेतलं आणि तिच्या केसांत तोंड घालून खूप रडले. मी त्यांना असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. तुम्ही पाहिलं असेल, लहानपणी. चिऊनं घाबरून रडणं थांबवलं आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसली. मलाही रडायचं होतं, पण कोणीतरी उभं राहायला हवं होतं म्हणून मी सायकल धरून उभी राहिले.

ते बस सोडणार नाहीत. मी विचारलं, तर म्हणाले, "मी सोडली तर दुसरा बसेल, त्यालाही तेवढंच दिसेल." पण डेपोच्या साहेबांना त्यांनी सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, सुनावणीत हे बोललास तर तुझी चौकशी लावावी लागेल, गप्प राहिलास तर मी काही ऐकलं नाही. हे बोलणार आहेत. काल स्वयंपाकघरात मला म्हणून दाखवलं. "साहेब, ही माझी बायको आहे. घरात अंधार असला तरी नुसत्या पावलांवरून मी हिला ओळखतो. माझ्या सीटवरून मला ही दिसली नाही, आणि माझी मुलगीही दिसली नाही." पुढे त्यांना म्हणता येईना. मास्तरीणबाईंना मी हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, एवढंच पुरे, पुढचं आम्ही बोलू.

सुनावणी उद्या आहे. पट्टा मंजूर झाला तरी व्हायला वर्ष जाईल, कदाचित दोन. नोकरीचं काय होईल, माहीत नाही. तोपर्यंत रस्ता तोच, थांबा तोच, आणि यांना आता मुद्दाम बाजाररस्त्याचीच बस दिली आहे. साहेबांचा राग असा निघतो. रोज सकाळी मला त्यांची भीती वाटते आणि त्यांना माझी. नवराबायकोत असं काही होईल, असं कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

आम्ही एक करतो. निघण्याआधी ते मला त्या दिवशीचा बसचा नंबर सांगतात आणि मी त्यांना माझ्या कपड्यांचा रंग सांगते. दुसरं काही बोलणं होत नाही. आज मी म्हटलं, "हिरवा." ते नंबर सांगून दारापर्यंत गेले, तेवढ्यात आतून चिऊ म्हणाली, "बाबा, माझा पिवळा."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. नको म्हणावं असं दोघांच्याही ओठांवर आलं होतं, मला दिसलं ते. तिनं बूट घातलेच होते.

"पिवळा," ते म्हणाले. पुन्हा एकदा म्हणाले, आणि गेले.

वन्सं, जमेल तेव्हा या. पत्र इथंच थांबवते. चिऊ खाली सायकलपाशी जाऊन उभी आहे आणि मला हाका मारतेय.

तुमची,
आज हिरव्या कपड्यांतली भावजय