अनसूयेच्या नावाची पाटी

लोणावळे, ५ डिसेंबर १९३६

प्रिय चंद्री,

तुझं पत्र परवा पोचलं. त्याचं उत्तर शेवटी देतो, आधी गावची हकीकत ऐक. तुझ्या बापाला भाषणांची सवय लागली आहे, मुद्द्यावर यायला वेळ लागतो, हे तुला ठाऊकच आहे. कामशेतची आपली भातगिरणी जोरात चालली आहे. धोतरात, टोपीत इतका कोंडा बसतो की तुझी आत्या मला ओसरीवरच झटकून घेते आणि मगच आत येऊ देते. गावचा अध्यक्ष असलो तरी घरात माझं फारसं चालत नाही.

प्रसूतिगृहाचं उद्घाटन तू पाहिलंसच. बँड, हारतुरे, माझं लांबलचक भाषण आणि दारावर संगमरवरी पाटी : 'कै. सौ. अनसूयाबाई स्मारक प्रसूतिगृह'. पुण्याहून डॉक्टर येईपर्यंत तुझी आई गेली होती, तू तेवढी हाती लागलीस. या गावात पुन्हा असं होऊ द्यायचं नाही, हे मी तेव्हाच मनाशी धरलं. म्युनिसिपालिटीच्या खुर्चीवर बसलो तोही त्यासाठीच.

पण पावसाळा सरला तरी एक बाई तिकडे फिरकली नाही. डॉक्टरीणबाई रोज खाटा झटकायच्या, नर्सबाई टोपडी विणायच्या. टोपड्यांचा ढीग झाला, घालायला डोकं एकही नाही! म्युनिसिपालिटीच्या सभेत एक सभासद, दत्तोबा, म्हणाले, अध्यक्षांनी बाळंतपणाची सोय केली, आता बाळंतिणींची सोय कोण करणार? सगळे हसले. मीही हसलो, पण लागलं मनाला. दिवाळीपर्यंत कुणी आलं नाही तर इमारत जकात कचेरीला द्यायची, असा ठराव झाला. मी दवंडी पिटवली, गावोगाव हिंडलो. लोक माना डोलवायचे नि आपापल्या घरी जायचे. अध्यक्षाच्या तोंडावर खरं कोण बोलणार?

बोलल्या त्या कुरवंड्याच्या कस्तुराबाई. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, म्हणून आपल्या दुकानात सुंठ नि डिंक घ्यायला आल्या होत्या. मी लगेच प्रसूतिगृहाचं पुराण सुरू केलं. त्यांनी निमूट ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, "भाऊ, रागावू नगा. वैनी बाळंतपणात गेल्या, समद्या मावळाला ठावं हाय. त्यांचंच नाव तुमी दारावर लिवलंय. त्या दारातनं लेकीला आत न्यायला माजा पाय उचलत न्हाई."

चंद्री, मी हातातली तागडी खाली ठेवली. ज्या नावाशी मी इतकी वर्षं मनातल्या मनात बोलत आलो, त्याची कुणाला धास्ती वाटत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. रागही आला आणि रडूही आलं. दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावला आणि त्याच्याबरोबर मीही हात लावून पाटी उतरवली. आता ती दुकानात, तांदळाच्या पोत्यांच्या मागे आहे. सकाळी दिवा लावला की तिच्यावरची धूळ पुसतो.

कस्तुराबाईंची लेक रतन दिवाळीच्या तोंडावर प्रसूतिगृहात आली. मुलगी झाली, चांगली दणकट. तिचं रडणं ऐकून डॉक्टरीणबाईच रडायला लागल्या. पाठोपाठ आणखी तिघी आल्या. आता टोपडी पुरत नाहीत म्हणून नर्सबाई कुरकुरतात आणि जकातवाले दुसरी जागा शोधताहेत. मी किती खूश आहे ते तुला काय सांगू!

आता तुझं पत्र. तू लिहिलंस की पहिलं बाळंतपण माहेरी नको, मुंबईतच करते, अण्णांना उगाच दगदग. दगदगीचं हे निमित्त मला कळतं, पोरी. कस्तुराबाईंनी त्या पाटीची धास्ती तोंडावर सांगितली आणि तू सांगितली नाहीस, एवढाच फरक. मुंबईत तुला निर्धास्त वाटत असेल तर खुशाल तिथंच राहा, मी डिंकाचे लाडू घेऊन येईन आणि मनात काही ठेवणार नाही. पण त्याआधी एकदा येऊन हे प्रसूतिगृह पुन्हा बघ. डॉक्टरीणबाई समोरच राहतात, आता पुण्याच्या गाडीची वाट बघावी लागत नाही. मनानं घेतलं तरच राहा. दारावरची जागा मी रिकामी ठेवली आहे. तू बाळ घेऊन त्या दारातून हसत बाहेर आलीस, की तुझ्या आईची पाटी आपण दोघं मिळून परत चढवू. मग त्या नावाला कुणी बाई भिणार नाही.

तुझी वाट पाहणारा, तुझाच
अण्णा