तेवीस घरांच्या तुळया

॥ श्री ॥

मी, मोरेश्वर रामचंद्र आठल्ये, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त केमिकल इंजिनिअर, राहणार ईडन प्रेरी, मिनेसोटा, हे मृत्युपत्र कुणाच्या दडपणाखाली नव्हे, तर दोघांचं दडपण झुगारून लिहून ठेवतो. ते दोघे म्हणजे माझी पत्नी सौ. सुलभा आणि चिरंजीव सिद्धेश. परवा सोमवारी माझं बायपासचं ऑपरेशन आहे. डोकं ठिकाणावर आहे, हृदयाचं सांगता येत नाही, म्हणून घाई. १९९३ साली केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं.

कलम १. घर आणि बँकेतली शिल्लक सुलभाची, तिच्या पश्चात सिद्धेशची. मात्र कलम ४ आधी पुरं करायचं. तोवर घर विकू नये आणि गॅरेजमधल्या एकाही वस्तूला हात लावू नये.

कलम २. माझी हत्यारं, म्हणजे दोन हातोड्या, खिळे उपटायची पहार, चामडी हातमोजे, ही सगळी मी काम करतो त्या दुकानाला द्यावीत. हे धर्मादाय दुकान आहे. लोक घर पाडताना किंवा किचन बदलताना जुनी दारं, खिडक्या, सिंक, लाकूड आणून देतात. आम्ही ते साफसूफ करून स्वस्तात विकतो. गेली चार वर्षं दर मंगळवारी आणि शनिवारी मी तिथे फुकट राबतो. माझं खातं लाकडाचं, काम खिळे उपटायचं. सुलभा म्हणते, "पीएच.डी. करून शेवटी खिळे उपटायची वेळ आली." येऊ दे की! कुठल्याही नोकरीत मला इतकं समाधान मिळालं नव्हतं. ते समाधान ऑगस्ट २००५ पर्यंतच टिकलं.

कलम ३. हे कलम म्हणजे कबुलीजबाब आहे. वकिलाने इंग्रजी भाषांतर करताना ते गाळू नये.

१९८४ ते २००१ या काळात इथल्या मराठी मंडळींचा भटजी मीच. काकांकडून लहानपणी पोथी शिकलो होतो, ती इथे कामाला आली. सत्यनारायण, मुंजी, बारशी आणि नव्या घरांच्या वास्तुशांती. वास्तुशांतीत वास्तुपुरुषाची प्रतिमा घराच्या आग्नेय कोपऱ्यात जमिनीत पुरायची असते. इथे बेसमेंटला काँक्रीट. ते फोडायला कोण तयार होणार? मग मी अक्कल चालवली. बेसमेंटमध्ये शिडीवर चढायचं, वरच्या हॉलची जमीन पेलणाऱ्या तुळया असतात, ज्यांना इथे जॉइस्ट म्हणतात, त्यातली आग्नेयेची धरायची, तिला खालून करवतीने चार इंच खाच पाडायची, तांब्याच्या डबीत प्रतिमा घालून आत बसवायची आणि वर प्लायवूडचा तुकडा ठोकायचा. यजमान खूश. "काकांनी काय डोकं लावलं!" डोंबलाचं डोकं. नऊ इंचांच्या तुळईला चार इंच खाच! लाकडातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण हातात पोथी असली की मला विचारणार कोण?

अशी चोवीस घरं.

ऑगस्ट २००५मधल्या एका मंगळवारी दुकानात ट्रक आला. ब्लूमिंग्टनचं एक घर हातांनी सुटं करून त्याचं लाकूड आलं होतं. एक तुळई बाकावर घेतली आणि खाच दिसली. खाचेच्या कोपऱ्यातून हातभर चीर गेली होती. प्लायवूड उचकटला तर आत माझीच डबी. आमच्या लाकूडखात्याचा मुख्य डेल लिंडक्विस्ट, चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस, शेजारी आला, चिरेत बोट घातलं आणि म्हणाला, "सम इडियट विथ अ सॉ." मग म्हणाला, हिच्यावर एखादी मोठी पार्टी झाली असती तर माणसं जमिनीसकट बेसमेंटमध्ये आली असती. मी "येस, येस" म्हटलं आणि डबी खिशात टाकली.

घरी येऊन दोघांना सांगितलं. सिद्धेश क्युपर्टिनोहून फोनवर ओरडला, "बाबा, डोन्ट पुट एनीथिंग इन रायटिंग! दे विल स्यू यू!" सुलभा म्हणाली, "इतकी वर्षं लोक पाया पडले तुमच्या. आता दारोदार जाऊन काय सांगणार?" मला दोघांचं पटलं. पटवून घेतलं म्हणा. मी भित्रा आहे, हे लिहितानासुद्धा घाम फुटतोय. सिद्धेश, हे घे, लेखी.

कलम ४. गॅरेजमध्ये तेवीस तुळया रचलेल्या आहेत. गेल्या चौदा महिन्यांत दुकानातून एकेक करून विकत आणल्या. सुलभाला सांगितलं होतं की मागे डेक बांधायचाय. त्यापायी गाडी आख्खा हिवाळा बर्फात उभी राहिली आणि मी रोज बोलणी खाल्ली. माझ्या पूजांच्या वहीत तेवीसही घरांचे पत्ते आणि मुहूर्ताच्या तारखा आहेत. दर घराला एक तुळई द्यावी. जुनीला लगटून नवी लावायची आणि बोल्टांनी आवळायची. नऊ घरं विकली गेली, तिथे आता कोण राहतं मला ठाऊक नाही. त्यांनाही द्यावी, आणि कारण सांगून द्यावी. मजुरी माझ्या शिलकीतून. डेलला आज सकाळी सगळं सांगितलं. त्याने हातातली पहार बाकावर ठेवली. मग म्हणाला, "हाऊ मेनी?"

सिद्धेशने हे एका वर्षात केलं नाही, तर त्याच्या वाट्याचं सगळं दुकानाला जाईल. रागावलास तरी चालेल.

कलम ५. माझी पोथी आणि चांदीचं ताम्हन श्री. जगन्नाथ पेठे यांना द्यावं. १९८८ साली यांच्या वास्तुशांतीला मी करवत काढली तेव्हा हे म्हणाले, "भटजीबुवा, माझ्या घराला करवत लावायची नाही. डबी फळीवर ठेवा, देव काही रागावत नाही." मी पूजा अर्धी टाकून निघून आलो. तेव्हापासून अठरा वर्षं त्यांच्याशी बोललो नाही, चारचौघांत त्यांना नास्तिक म्हणालो. त्यांचं घर वहीत नाही. पेठे, तुमचं बरोबर होतं. हे तोंडावर म्हणायला जीभ रेटत नाही.

कलम ६. इथवर लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. मृत्युपत्र उघडणार मी मेल्यावर. आणि परवा जगलो तर? तर हे पाकीट कपाटात, मी गप्प, आणि सगळे जिथल्या तिथे. मी स्वतःची तीच सोय लावत होतो. लाज वाटते. पुढच्या शनिवारी लक्ष्मीपूजनाला मराठी मंडळाचा कार्यक्रम नरेंद्र वझलवारच्या घरी, त्याच्या हॉलमध्ये आहे. ऐंशी माणसं येणार. ते घर वहीतलं शेवटचं.

नरेंद्रला आत्ताच फोन केला. साक्षीदार म्हणून सही हवी आहे, ताबडतोब ये, म्हटलं. "काका, सगळं ठीक ना?" म्हणाला. नाही म्हटलं. डेललाही बोलावलंय. नरेंद्रने आधी हे पहिल्यापासून वाचायचं, मग सही करायची की नाही ते ठरवायचं. सुलभा आतल्या खोलीत रडते आहे. तिचं चुकलं नाही, तिने मला वाचवायला बघितलं. पण आता फोन करून झालाय.

ठिकाण: ईडन प्रेरी, मिनेसोटा
दिनांक: शनिवार, १४ ऑक्टोबर २००६
(सही) मोरेश्वर रामचंद्र आठल्ये

साक्षीदार १: (सही) डेल लिंडक्विस्ट. मजकूर इंग्रजीत सांगितला, त्यानंतर सही केली.

साक्षीदार २: मी सगळं वाचलं. कार्यक्रम कॅन्सल केलाय. माझी तुळई आत्ताच घेऊन जातोय, डेल बरोबर येतोय. काका, ह्या जानेवारीत आमच्या मुलीच्या बारशाला हॉलमध्ये साठ माणसं होती. तुम्ही पाय दुखतात म्हणून बाहेरच्या दाराशी खुर्ची घेतलीत आणि काकूंना हाक मारून शेजारी बसवून घेतलंत. मला तेव्हा कौतुक वाटलं होतं. सही करताना माणूस पूर्ण शुद्धीवर होता, असं साक्षीदाराने लिहायचं असतं. होता. बारशाच्या दिवशीही होता.
(सही) नरेंद्र वझलवार