सिंगापूर ते पेनांग, सव्वा तास

२ डिसें. १९७४, रहिमतपूर
पाटलांचा विलास सुट्टीवर आलाय. सिंगापूरच्या गोदीत फिटर आहे. पारावर सहज विचारलं, पेनांग पाहिलंस का? "व्हय की तात्या. पावनेचारशे मैल. इमानात बसलं की सव्वा तासात उतरलं."
सव्वा तास! लढाईत जपानी मागं लागले तेव्हा त्याच मुलखातून सिंगापूरपर्यंत मागं हटताना आमचे दोन महिने गेले. रबराचे मळे, चिखल, जळवा. माझे बूट फाटले तर गावच्याच, माझ्या पलटणीतल्या ज्ञानूनं आपला एक काढून दिला. दोघं एकेका बुटावर चाललो, आणि वर हा गडी गवळण म्हणत होता. दिवस वाईटच, तरी आठवले की बरं वाटतं.

३ डिसें.
विलासला बजावायला गेलो, काकीपुढं हे बोलू नकोस. काकी म्हणजे ज्ञानूची आई. लढाई संपून जपान्यांच्या कैदेतून सुटलो तेव्हा ज्ञानू बोटीत चढलाच नाही. "तू हो म्होरं, मी आलोच," म्हणाला आणि पेनांगला राहिला. चार-दोन पत्रं आली, मग तीही बंद. घरी आल्यावर मी काकीला त्या चालण्याची हकिगत सांगितली. तेव्हापासून तिचं एकच : एवढी वाट चालून पोर येणार कसं? म्हातारी त्यावरच तगलीय.
पण उशीर झाला. विलास सकाळीच पाया पडायला जाऊन सगळं ओकून आला होता.

४ डिसें.
काकीनं बोलावलं. चुलीपुढं होती. "सदा, सव्वा तास म्हंजी किती रं?"
म्हटलं, इथनं यष्टीनं साताऱ्याला जातो, तेवढंच.
भाकरी करपली तरी हलली नाही. "लांब हुता तवर माजा राग न्हवता त्येच्यावर. आता हाय."
सुभेदार म्हणून पेन्शन घेतो, पण बाहेर येऊन रडलो.

९ डिसें.
विलास गेला. काकीनं शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. निरोप एवढाच : "म्हनावं, आई लय रागावलीया." रजा मिळाली की पेनांगला जाऊन शोधतो म्हणालाय. सापडेल? सापडला तर येईल? मलाही एकदा बघायचंय त्याला. केस पिकले असतील, आवाज तरी तोच असेल का...

२१ जाने. ७५
विलासकडून काही नाही. आमच्या उसाला तोड आलीय, उसंत नाही. तरी काकीकडं चक्कर मारली.
"सदा, इमान कुटवर येतं रं?"
"मुंबईपातूर."
"आन् फुडं?"
"फुडं यष्टी."
काकीचं तोंड कितीतरी दिवसांनी उजळलं. "मग यष्टीनंच खोटी केली आसंल बग."
व्हय म्हटलं, आणि उंबऱ्यावर तिच्याजवळ बसलो.