सहीपुढची तारीख

छत्रपती संभाजीनगर
८ जुलै २०२५

चि. हिमानीस अनेक आशीर्वाद,

तुमची कंपनी मालिकांसाठी नवी गाणी घेते, असं तुझ्या आईनं सांगितल्यापासून मला स्वस्थ बसवेना. सोबत ‘शेवटची घंटा’ पाठवतो, कडवी अकरा. जुन्या अकरावीत लिहिलं होतं. शब्द माझे, चालही माझीच. शेजारच्या श्रेयानं मोबाइलवर माझ्याकडून म्हणवून घेतलंय, ते तुला मिळालं असेल. तुझी आजी गेल्यापासून इथं मोठ्यानं कविता म्हटली की पुढची ओळ सुचवणारं कुणी नाही. टीव्हीतून तरी कुणी ऐकेल.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा आजोबा
हेमचंद्र

पुणे
१५ जुलै

ती. आजोबांस शि. सा. न.,

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. गाणं आमच्या साहेबांना आवडलं, चाल तर फारच. मालिकेतल्या शाळेच्या प्रसंगाला हवंय. मात्र अकरा कडवी कुणी ऐकणार नाही, तीनच ठेवा. धृपद अर्ध्या मिनिटात आलं पाहिजे. तुमचा आलापच तेवढा चालतो! पुढंही एका वेळी एकच गाणं धाडा, अख्खी वही नको. आणि ‘गाणं लावून देतो’ म्हणत कुणी आधी पैसे मागितले, तर दार लावून घ्या.

संमतीपत्र सोबत आहे. त्यावर गीतकार आणि संगीतकार, दोघांच्याही सह्या लागतात. आई म्हणते, चाल तुमच्या वर्गातल्या नवाबकाकांची आहे. खरं काय ते लिहा. खोट्या नावानं गाणं पुढं गेलं, तर नंतर सगळंच अडतं.

गोळ्या वेळेवर घ्या, आणि माझ्यावर रुसू नका.

तुमची
हिमानी

छत्रपती संभाजीनगर
२२ जुलै

प्रिय नवाब, स. न. वि. वि.

अक्षर ओळखलंस तर फाडण्याआधी वाच. स्नेहसंमेलनात हेडसरांनी गाण्याला माझं एकट्याचं नाव घेतलं आणि मी हात जोडून उभा राहिलो. तू पडद्यामागं पेटीवर होतास. नंतर एवढंच म्हणालास, “चाल काय रस्त्यात सापडली व्हय रे?” चौपन्न वर्षं झाली, तू पुन्हा बोलला नाहीस. परवा नातीलाही तेच खोटं लिहिलं. पोरीनं पकडलं.

ते गाणं आता नातीची कंपनी टीव्हीवर घेतेय; सोबतच्या संमतीपत्रावर तुझं नाव मी माझ्या हातानं वर लिहिलंय, माझं खाली. सही करणं न करणं तुझ्याकडं. गंगापूरहून एक ओळ मात्र धाड. त्या बाकावरचे आता आपण दोघंच उरलो.

तुझ्या धाकट्या बहिणीला, गजालाला आशीर्वाद. तुझ्याकडं लोभ मागायला तोंड नाही.

हेमचंद्र

छत्रपती संभाजीनगर
५ ऑगस्ट

चि. हिमानीस आशीर्वाद,

नवाबचं पाकीट आलं. सही केलीय, उर्दूत, लई डौलदार. तेवढंच. पाकीट दोनदा झटकलं, आत बोट फिरवून पाहिलं, ओळ नाही. श्रेया म्हणाली, काका, काम तर झालं ना. झालं खरं. आता हा कागद तुला धाडला की गाणं टीव्हीवर जाईल, आणि नवाबला लिहायला मला काही निमित्त उरणार नाही.

पण त्यानं सहीपुढं तारीख घातलेली नाही. तू म्हणशील, ती आम्ही टाकतो. टाकू नका. ज्याची त्यानंच घालावी. उद्या सकाळी काळीपिवळी जीपनं गंगापूरला निघतो. त्यानं दार उघडलं तर लिहून घेईन. नाहीच उघडलं, तर बाहेर ओट्यावर बसून तिन्ही कडवी म्हणेन, आणि धृपदाला मुद्दाम सूर चुकवीन. स्वतःची चाल अशी बिघडलेली त्याच्यानं ऐकवायची नाही.

कागदाला उशीर झाला, तर तेवढं साहेबांना सांभाळून घे.

तुझा आजोबा
हेमचंद्र