उचलून लावायचं दार

सोम., ६ जाने.
शेडातला यंत्रमाग विकल्यापासून हात रिकामे. नुसतं बसलं की डोकं नाही नाही ते विणत बसतं. म्हणून एक नाद लावून घेतला. अंग आपोआप करतं त्यातलं एक काम रोज धरायचं आणि त्याच्यावर डोळा ठेवायचा. वहीत लिहायला 'ल.' म्हणजे लक्ष.
आजचं ल.: चहा. बशीत ओतायच्या आधी मी बशी अर्धी फिरवतो. का? टवका गेलेली कड ओठाला लागू नये म्हणून. पण ती बशी फुटून वर्षं झाली, ही नवी. हात अजून जुन्या बशीतच पितोय!
इंदू म्हणाली, "आता च्या प्यायला बी शाळा काढली व्हय?" दोघं हसलो.
शैलाला संक्रांत झाली की संकेश्वरहून आणायची. पोरीचं पहिलं बाळंतपण. घरातली जुन्या हातमागाची खोली ठरली. वारा नाही, ऊब आहे. पोरगा विजय आणि शैला, इंदूची दोन्ही बाळंतपणं तिथंच झाली.

बुध., ८ जाने.
ल.: मागाच्या खोलीचं दार. डावा हात फळी जरा वर उचलतो, मग उजवा कडी सरकवतो. उचललं नाही तर कडी बसत नाही. कधीपासून? आठवत नाही. दिवाळीला रंग दिला तेव्हा बोटानं लागत होतं, एवढं नक्की.
दिवसभर सोप्यात बसून बघितलं. इंदू गुडघा लावते. विजय खांदा. सून रेखा दोन्ही हातांनी उचलते. कुणी कुणाला एका शब्दानं बोललेलं नाही.
इंदूला विचारलं. "दार हाय. उचलायचं नि लावायचं. त्यात काय इचारायचं?"

शुक्र., १० जाने.
ल.: चालणं. सोप्यातनं स्वयंपाकघरात जायला मागाची खोली ओलांडावी लागते. सरळ वाट खोलीच्या मधून. मी भिंत धरून वळसा घालतो. इंदू घालते. विजय पण.
वळसा बरोबर तिथं, जिथं हातमागाचा खड्डा होता. पाय खाली सोडून बसायचो तो. शैला परकरात होती तेव्हा हातमाग मोडला आणि माझ्या थोरल्या भावानं, अण्णांनी, खड्डा बुजवला. चोपणी करून माती घट्ट केली नाही. आमच्यात मागाच्या जागेवर पाय आपटत नाहीत. पोटाला दिलं त्या जागेला लाथ कशी मारायची? माती लोटली, वर पाणी सोडलं. अण्णा म्हणाले, "बसंल आपोआप." मग फरशी. गेल्या साली विजयनं फरशीवर टायल घातली.
तर हा वळसा त्या जुन्या खड्ड्याचा असेल. बशीसारखाच. पायांची जुनी खोड.
तसंच असू दे देवा.

शनि., ११ जाने.
रेखा या घरात आली ती टायल घालायच्या जरा आधी. तिच्या पायांनी खड्डा कधी पाहिलेला नाही. म्हणून सकाळभर तिच्यावर ल.
घागर घेऊन गेली, सूप घेऊन गेली, मोकळ्या हातानं गेली. दरवेळी भिंतीकडनं.
"मधनं का जात न्हाईस गं?"
"कुठं मामंजी?" तिनं खाली बघितलं, जसे काय पाय दुसऱ्या कुणाचे. "आदी जात हुते की. आता तितं पाय टाकला की कसंसंच हुतंय. पायरी चुकल्यावानी."
सुपारी हातातच राहिली.

सोम., १३ जाने. भोगी
बाजरीची भाकरी, तीळ वरनं, भाजी झकास. इंदूच्या हाताला तोड नाही. पण लक्ष ताटात नव्हतं.
मागाच्या खोलीत ज्वारीचा पत्र्याचा डबा आहे. त्याच्या एका अंगाला खाली जुन्या लुगड्याची घडी. कुणी घातली? इंदूला विचारलं.
"मी. लवतंय म्हणून घातली."
"कवा?"
"आदी बारीक घडी पुरत हुती. मग जरा जाड केली. मग परत..." तिनं वाकून घडी चाचपली. मग म्हणाली, "डबाच वाकडा झालाय."

मंगळ., १४ जाने.
तीळगूळ देता देता विजयला सांगितलं. खो खो हसला.
"आप्पा, तुमी रिकामे झालाय म्हणून घर हलाय लागलंय. येक टायल तरी फुटल्या का?"
नाही फुटली. तेच तर. एकीला एक चिकटून सगळ्या डब्याच्या झाकणासारख्या बसल्यात. झाकण शाबूत आहे. आत काय आहे ते कुणी बघितलंय? आणि झाकणाच्या वर स्लॅब, स्लॅबवर विजय-रेखाची खोली.
गोड खाऊन तोंड कडू.

गुरु., १६ जाने.
काल करीचा अशुभ दिवस, कुणाला बोलावता आलं नाही. आज बसाप्पा गवंडी आला. कानडी माणूस, पण आपल्या गल्लीत मराठीच बोलतो. थापीच्या दांड्यानं टायल ठोकत गेला. भिंतीपाशी ठण्ण. मध्ये ढब्ब. परत ढब्ब. हात थांबला तसं तोंडातनं त्याची भाषा आली, "केळग एनू इल्ल्री." मग माझ्याकडं बघून, "खाली काय न्हाय, आप्पा."
भिंतीच्या बुडाला हात लावला, ओल. मागच्या बोळातली पाण्याची नळी कुठं तरी झिरपत्या. माती वाहून चाललीय, म्हणतो. भिंत त्याच मातीवर उभी. आधार लावल्याबिगर एक टायल सुद्धा उचलायची नाही. निपाणीचा स्लॅब उरकून बुधवारी टेकू घेऊन येणार.
विजय हसला नाही. संध्याकाळी अंथरूण गुंडाळून दोघं खाली सोप्यात आली.

रवि., १९ जाने.
घरात गेलो तर इंदूनं मागाच्या खोलीत बाज मांडलेली. खाली शेगडीची जागा सारवल्यागत पुसलेली.
"इंदू, काढ ती."
"लेकीला सोप्यात निजवू? येणाऱ्याजाणाऱ्याच्या म्होरं? माजी बाळंतपणं हितंच झाली. मागाच्या जागंत भ्या नसतंय."
"त्यो गवंडी..."
"त्यो गवंडी बाळतीण हाय व्हय?"
भांडलो नाही. तिला म्हणालो, स्वयंपाक राहिलाय बघ, तेवढी घागर आत ने. ती तणतणत निघाली. मन सगळं माझ्यावर, पाय मोकळे. खोलीत शिरली आणि भिंतीकडं वळली. वळसा घालताना मध्येच उभी राहिली. स्वतःच्या पायांकडं बघत. घागरीतलं पाणी एका अंगाला कललेलं.
घागर ठेवली. बाजेचं एक टोक तिनं धरलं, एक मी.
मग स्वयंपाक होईपर्यंत पदर डोळ्याला. मला वाटलं जिंकलो म्हणून बरं वाटेल. कसलं काय.

सोम., २० जाने.
संकेश्वरला फोन. शैलाला म्हणालो, चार दिस थांब बाळा, घराचं काम निघालंय.
"आप्पा, माजी खोली रंगवताय व्हय?"
"व्हय," म्हणालो. पोटुशीला भ्या कशाला घालू? आता वाटतंय, सांगायला पायजे होतं. विहीणबाईंचा सूर उतरला. त्यांना वाटलं आम्ही टाळतोय.

बुध., २२ जाने.
सकाळी ल. काही धरलं नव्हतं. मागाच्या खोलीचं दार ओढलं. डाव्या हातानं नेहमीसारखी फळी उचलली. वर उचलायला काही नव्हतंच. कडी बोटानं बसली. दिवाळीसारखी.
रेखा मागं उभी होती. खूश झाली. "मामंजी, बघा की, दार आपलं आपुन नीट झालं!"
दार नीट होत नसतं. त्याच्या खालचं कायतरी सुटतं.
सगळ्यांना बाहेर काढलं. इंदू मागच्या दारानं गॅस बंद करून, देव पदरात घेऊन आली. आता समोरच्या देवळाच्या कट्ट्यावर बसलोय. गल्ली बघत्या. बघू दे. बसाप्पाचा फोन आला, निपाणीहून टेम्पो निघालाय.
आणि आत्ता विजयनं सांगितलं, शैला निघाली. जावयाला आजच गाडी मिळाली, उद्यापासून कारखान्यावर रात्रपाळी. रंगाचा वास आला तर येऊ दे म्हणाली. तिचा फोन लागत नाही. हायवेला उसाच्या ट्रॉल्या, त्यात कुठं तरी असेल. टेम्पो आधी येतो का ती.
इंदू म्हणते, आली की हितंच थांबवू. पण पोरगी आईला बघायला आधी कुठं पळते, मला माहीत आहे. लहानपणापासून सोप्यातनं सरळ स्वयंपाकघरात, तीरासारखी, खोलीच्या मधनं. हाक मारली तरी पाय आधी जातात.
आम्हा सगळ्यांचे पाय वळायला शिकले. कुणी न सांगता. तिचे शिकलेले नाहीत. खड्डा बुजला तेव्हापासून लग्न होईपर्यंत ती मधनंच चालली.
वही मिटतो. उंबऱ्याच्या बाहेर, पायरीवर जाऊन बसतो. माझ्यावरनं तरी उडी मारणार नाही ती.