हृदयाचं वय एक्कावन्न

४ मार्च
कंपनीने सगळ्यांच्या मोबाइलवर हृदय तपासायचं ॲप टाकून दिलं. माझं वय अडतीस. माझ्या हृदयाचं एक्कावन्न. म्हणजे ते माझ्याआधीच रिटायर होणार. ॲप बिघडलेलं दिसतंय.

४ मार्च, संध्याकाळ
लंबूच्या हृदयाचं वय एकेचाळीस! आम्ही एकाच शोरूममध्ये टाइल्स विकतो, वय एक, पोट त्याचं मोठं, सिगारेटी त्याच्या जास्त. फरक फक्त 'वंश' या रकान्यात. त्याचे पणजोबाही इथलेच. माझे आजोबा भारतातून बोटीने आले. आता आजोबा बोटीने आले यात माझ्या हृदयाचा काय दोष? तक्रार करणार.

५ मार्च
तक्रार केली. कंपनीची नर्स म्हणाली, ॲप ठीक आहे, तुमच्या लोकांना हा आजार तरुणपणीच गाठतो. सगळं रक्तातच असतं असंही नाही, तुमची माणसं डबल ड्यूटी करतात, दवाखान्यात उशिरा येतात आणि आली तरी त्यांचं कोणी नीट ऐकत नाही. मला पटलं नाही. बाबा चव्वेचाळिसाव्या वर्षी गेले ते टेन्शनने.
तरी उद्यापासून पहाटे पळणार. नक्की.

६ मार्च
बूट सापडले नाहीत.

८ मार्च
सापडले. चावतात.

११ मार्च
डोकं चालवलं की मार्ग निघतो! जन्म इथला, शाळा इथली, घराचं कर्जसुद्धा इथलं. मग हृदय तेवढं परदेशी कसं? रकान्यात लंबूचा वंश टाकला. वय चाळीस! घामाचा थेंब न गाळता अकरा वर्षांनी तरुण झालो. केक आणला. बायको म्हणाली, खरं काय ते भर. तिला गणित कळत नाही.

१२ मार्च
ताईचा फोन. ती स्कूलबस चालवते, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. जिना चढताना दम लागतो म्हणे, जबडाही दुखतो. गुरुवारी हृदयाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, तूही चल, दोघांचंही बघून घेऊ, असा धोशा. बाबांचं तिच्या मनातून जात नाही. मी लगेच ॲपमध्ये 'कुटुंबीय' उघडलं, तिची माहिती भरली, वंश अर्थात नवा. त्रेचाळीस, वर हिरवा ठिपका. म्हटलं, टकाटक आहेस, सुट्टी कशाला फुकट घालवतेस? जरा घुटमळली. मग म्हणाली, तू म्हणतोयस तर असेल. वेळ रद्द केली. भावाचा उपयोग तो हाच.

१९ मार्च
पळालो. कोपऱ्यापर्यंत. परत टॅक्सीने आलो. सुरुवात महत्त्वाची.

२३ मार्च
ताईचा जबडा पुन्हा दुखला. मीच दवाखान्यात घेऊन गेलो, ॲप दाखवलं. डॉक्टरांनी ताईकडे पाहिलंच नाही, हिरवा ठिपका पाहिला. ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. लंबूला मागे छातीत नुसतं टोचलं, तर याच डॉक्टरांनी तिथल्या तिथे ईसीजी काढला होता. पण डॉक्टर आणि माझं ॲप, दोघांचं एकमत झालं होतं. उगाच कशाला मोडता घाला?

२७ मार्च
ताईला हार्ट अटॅक. मुलांना शाळेत सोडून परत येत होती. दुखायला लागल्यावर बस कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मगच फोन केला. दोन ठिकाणी ब्लॉकेज. स्टेंट घातले. वाचली.
हृदयाच्या डॉक्टरांनी ॲप बघून विचारलं, ही माहिती कोणी भरली? बायको माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल. बाहेर येऊन बाकावर बसलो. फार घाबरलो.

२९ मार्च
ताई शुद्धीवर आहे, बोलते. आज सगळं खरं सांगायचं ठरवून गेलो होतो. वाक्यही पाठ केलं होतं.
खोलीत तिच्या बसडेपोच्या बायका जमल्या होत्या. मला बघून ताईचा चेहरा खुलला. त्यांना सांगायला लागली, हा माझा धाकटा भाऊ, फार जीव आहे त्याचा माझ्यावर, स्वतःच्या मोबाइलवर माझं हृदय तपासायचा, दवाखान्यातही हाच घेऊन गेला. नशीबच माझं खोटं, त्याला तो काय करणार? बायका कौतुकाने बघायला लागल्या. मी मान डोलावली.
निघताना तिने माझा हात धरला. म्हणाली, माझ्या दोन्ही पोरींचंही तेवढं बघून ठेव.
हो म्हणालो.