जागा रिकामी नाही

भाऊ, काल सकाळी आईचा पवनानगरहून फोन आला. वरच्या आळीला दोन दिवस पाणी नाही, आणि मारुतीच्या देवळामागचा व्हॉल्व नव्या सिमेंटच्या रस्त्याखाली नेमका कुठे गेला ते कुणालाच सांगता येईना. "तुज्या वडलांनी, भाऊंनी, जायच्या आदी आजारपणात सगळं बोलून ठेवलंय, ते तुज्याकडं हाय ना?" होतं तर! तुम्ही गावाला जन्मभर पाणी सोडलंत, आणि कुठला व्हॉल्व कुठे, हे तुमच्याच आवाजात आईने फोनवर रेकॉर्ड केलं होतं. माझ्या लॅपटॉपवर 'भाऊ' नावाच्या फोल्डरमध्ये ते इतकी वर्षं पडून आहे. मी एकदाही ऐकलेलं नाही. धीरच झाला नाही.

ऑफिसात बसूनच फोल्डर उघडलं तर आत नुसते फोटो. तुमचा आवाज दुसरा कुठेच नाही, भाऊ. गेल्या आठवड्यात मी गावच्या घरातल्या कॉम्प्युटरवरचं फोटोंचं फोल्डर इथे लोणावळ्यात माझ्या लॅपटॉपला जोडून घेतलं होतं, म्हणजे तिथलं सामान इथल्याच फोल्डरात असल्यासारखं उघडतं. साहजिकच मी सगळं खापर त्या गावच्या मशीनवर फोडलं. जोडणी तपासली, चालू. दोन्ही मशीन एकमेकांना ओळखतात ती किल्लीची फाइल, परवानग्या, सगळं ठीक. मग आईला म्हटलं, जरा कॉम्प्युटर बघ. "हिरवा दिवा हाय गं. लय तापलाय, पंखा लावू का?" मी तिच्यावरच खेकसले.

आणि तुम्ही आठवलात. पाणी आलं नाही की बायका नळाला शिव्या देतात, तुम्ही मात्र टाकीपासून एकेक व्हॉल्व चाचपत खाली चालत येता, मी तुमच्या मागे. "आदी आपल्या हातानं काय केलं ते आठवायचं, मंग दुसऱ्याचं." मी काय केलं होतं? जोडताना मशीनने स्पष्ट बजावलं होतं की ही जागा रिकामी नाही. मी घाईत, जबरदस्तीने, तेच 'भाऊ' फोल्डर दिलं. गावचे फोटो तुमच्या रेकॉर्डिंगवर येऊन बसले, त्या व्हॉल्ववर रस्ता बसला तसे. जोडणी सोडली, फोटो गेले, आणि खाली रेकॉर्डिंग जसंच्या तसं! मी ऑफिसात सगळ्यांसमोर रडले.

आईला फोनवरच ऐकवलं. "देवळाच्या मागल्या कोपऱ्यापासनं सात पावलं, कडुलिंबाकडं तोंड करून." मग तुमचा खोकला. मग, "आन् त्यो बंद सापडला तर आदी आमच्या पोरीला इचारा." आणि तुम्ही हसलात. आईही हसली. मला हसू येईना.

दहा वर्षांची असेन मी. खेळता खेळता त्याच व्हॉल्वचं चाक फिरवून बंद केलं आणि विसरले. बायका रिकामे हंडे घेऊन तुमच्याशी भांडायला आल्या. तुम्ही चालत येऊन व्हॉल्व शोधलात आणि सगळ्यांना सांगितलंत, चाक अडकलं होतं. घरी चुलीपाशी मला विचारलंत, "तू हात लावला व्हता का?" मी म्हटलं, न्हाई. तुम्ही "बरं" म्हणालात आणि माझ्या ताटात अजून अर्धी भाकरी घातलीत.

आज दुपारी रस्ता फोडला. व्हॉल्व सात पावलांवरच होता; उघडला, आणि वरच्या आळीला पाणी आलं. हे पत्र कुठे धाडणार? तुमच्याच फोल्डरात ठेवते.

व्हय भाऊ, मीच बंद केला होता.